पितळेचा कप, पुंगळी आणि 'अटळ रिजेक्शन' : दारूगोळ्याचा दर्जा नेमका कुठे महाग पडतो?

ओतशाळा (अंबरनाथ)

१ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झालं आणि ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. तेव्हापासून आपल्या भागात चर्चा एकाच प्रश्नावर अडकते: सरकारी माल खासगीपेक्षा महाग का? उत्तरंही ठरलेली असतात. पगार जास्त, माणसं जास्त, मशिनं जुनी. हे सगळं खरं असलं तरी खर्चाचा एक मोठा भाग यातल्या कशातच दिसत नाही. तो इस्टिमेटच्या कागदावर एका टक्केवारीत बसलेला असतो. तिचं नाव 'अनअव्हॉयडेबल रिजेक्शन', म्हणजे अटळ नापास माल. शॉपमध्ये सगळे यूएआर म्हणतात.

धागा त्यासाठी काढला आहे. उदाहरण म्हणून बंदुकीच्या काडतुसाची पुंगळी (दारू भरायची पितळी नळी) घेऊ, कारण तिची सुरुवात आपल्या ठाणे जिल्ह्यात होते. अंबरनाथच्या निर्माणीत पितळ ओततात, लाटतात आणि त्याचे कप (वाटीसारखे तुकडे) काढतात. पुढे वरणगावसारख्या कारखान्यात तो कप ओढून लांब करतात, बूड ठोकतात, तोंड आवळतात, मग टोपी (ठोक्याने पेटणारा भाग), दारू, गोळी.

विभागणीत अंबरनाथची निर्माणी यंत्र इंडियाकडे गेली (मुख्यालय नागपूर) आणि वरणगाव, खडकी, भंडारा, चांदा, देहूरोड म्युनिशन्स इंडियाकडे (मुख्यालय पुणे). आधी एका कारखान्याने दुसऱ्याकडे माल मागितला की ती 'इंटर फॅक्टरी डिमांड' असायची, हिशोब घरातल्या घरात. आता धातूची कंपनी वेगळी आणि काडतुसाची वेगळी. कपात दोष निघाला तर बिल कोणाच्या नावावर, हा प्रश्न आता टाळता येत नाही. माझ्या मते हा बदल चांगला आहे, पण दोष जिथे जन्मतो तिथेच पकडायची सवय लागली तरच.

जाणकारांनी टप्प्याटप्प्याने लिहावं. गुप्त ड्रॉइंगमधली मापं कोणी टाकू नयेत, त्यांची गरजही नाही. धातूचं शास्त्र पुस्तकात आहे.

रबाळे_टूलरूम

चांगला विषय. आम्ही पंच-डाय (प्रेसचे ठोकणारे आणि आकार देणारे साचे) करणारे, त्यामुळे प्रेसपासून पुढचं कळतं, मागचं कमी. दोन प्रश्न आहेत.

पहिला, कपाच्या कामासाठी टूलिंगचा दर देताना 'प्रति डाय इतके लाख नग' अशी हमी मागतात. डाय मधेच ओरखडली की आम्ही पत्र्याला दोष देतो आणि समोरचे डायला. खरं कारण कसं ओळखायचं?

दुसरा, एका पट्टीतून किती कप निघतात यावर इतका वाद का होतो? चकत्या कापून उरलेली जाळी भट्टीत परत जातेच की.

ओतशाळा (अंबरनाथ)

जाळीचं नंतर सांगतो. आधी भट्टी, कारण निम्मी भांडणं तिथून निघतात.

काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. सर्वसाधारण मानकात तांबं ६८.५ ते ७१.५ चालतं, म्हणजे मुख्य घटकांना बऱ्यापैकी मोकळीक आहे. अशुद्धीला मात्र अजिबात नाही. शिशाची मर्यादा ०.०७ टक्के, लोखंडाची ०.०५ टक्के.

आता हे जवळून बघा. भट्टीत १,००० किलो चार्ज (एका वेळी वितळवायचा माल) आहे. ०.०७ टक्के म्हणजे ७०० ग्रॅम शिसं, बस. फ्यूजचे भाग, नळाचे भाग, बोल्ट-नट ज्या फ्री-कटिंग पितळेच्या सळीवर टर्न करतात तिच्यात साधारण ३ टक्के शिसं असतं, कारण त्यामुळे चिप तुटते आणि टूल टिकतं. त्या सळीचा फक्त साडेतेवीस किलो चुरा भट्टीत गेला की ७०० ग्रॅम पूर्ण झाले. अर्धं पोतं! दिसायला दोन्ही पितळ सारखंच पिवळं. टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातल्या टर्निंग शॉपमधून निघणारा चुरा बहुतेक याच जातीचा असतो, आणि भंगारवाला 'पितळ' म्हणूनच देतो.

शिसं पितळेत विरघळत नाही, कणांच्या सीमेवर थेंब होऊन बसतं. गरम लाटताना कडा फाटतात. थंड लाटलं तर फाटणं पुढे ढकललं जातं आणि कप ओढताना भिंतीत बारीक चीर निघते. बिस्मथ तर याहून वाईट, त्याचे काही थोडे भागही धातू ठिसूळ करतात.

जस्ताचं दुखणं वेगळं आहे. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि हे पितळ पूर्ण वितळायला साधारण ९५५ अंश लागतात. म्हणजे ओतण्याच्या तापमानाला जस्त सतत पांढऱ्या धुरातून उडत असतं. वर कोळशाचं आवरण ठेवतात, जस्त शेवटी घालतात, तरी घट होतेच. स्पेक्ट्रोमीटरचा (घटक मोजणाऱ्या यंत्राचा) नमुना घ्यायचा, निकाल येईपर्यंत भट्टी धरून ठेवायची, तेवढ्यात आणखी जस्त उडतं. निकाल लवकर देणारी प्रयोगशाळा भट्टीजवळ असणं हीच इथे मोठी बचत आहे. भट्टी पंधरा मिनिटं जास्त धरली तर वीज, जस्त आणि पुढच्या चार्जची वेळ, तिन्ही जातात.

चार्ज शिशात नापास झाला तर तो दुरुस्त करता येत नाही, फक्त पातळ करता येतो. ०.१४ निघालं तर तेवढंच स्वच्छ धातू घालावं लागतं, आणि भट्टीत तेवढी जागा नसते. मग पिग (धातूच्या लाद्या) ओतून बाजूला ठेवायचे आणि पुढच्या प्रत्येक चार्जमध्ये थोडे थोडे मुरवायचे. हा साठा महिनोन् महिने पडून राहतो आणि त्याच्यावर अडकलेलं भांडवल कुठल्याच रिजेक्शनच्या आकड्यात दिसत नाही.

भिंगातून (ठाणे पश्चिम)

टूलरूम, डाय ओरखडण्याबद्दल. ओरखड्याच्या जागी डायवर पितळ चिकटलंय का ते आधी बघा. पितळ चिकटलेलं असेल तर वंगण किंवा डायची पॉलिश कमी पडली. डायवर खोल सरळ चर असेल आणि पितळ नसेल, तर पट्टीवरचा ऑक्साइड किंवा बाहेरून आलेला कठीण कण. तो येतो पिकलिंगमधून, म्हणजे खपली काढायच्या आम्लाच्या टाकीतून.

क्रम असा: लाटण, अॅनिलिंग (तापवून मऊ करणं, साधारण ६०० ते ६५० अंश), पिकलिंग (५ ते १० टक्के गंधकाम्ल), धुणं, वाळवणं, साबणाचं वंगण, मग प्रेस. कपानंतर प्रत्येक ड्रॉच्या (ओढीच्या) मधे पुन्हा हाच फेरा. पिकलिंग कमी झालं की खपली राहते आणि डाय जाते. जास्त झालं की पृष्ठभाग खरवडला जातो. आणि टाकीत लोखंडी बास्केट, पडलेला बोल्ट किंवा तारेचा तुकडा राहिला की आम्लात विरघळलेलं तांबं पितळेवर परत बसतं, कप तांबूस होतात. असे लाल डाग दिसले की लोक ओतकामाला दोष देतात. आधी टाकीचा तळ चुंबकाने चाचपून बघावा.

अॅनिलिंगमध्ये कणांचा आकार हीच खरी परीक्षा. कडकपणा मोजून भागत नाही, कारण एका हद्दीपलीकडे कडकपणा फारसा हलत नाही पण कण वाढतच राहतात. कण फार बारीक राहिले तर ओढताना बूड सुटतं. फार मोठे झाले तर कपाची बाहेरची बाजू संत्र्याच्या सालीसारखी खरखरीत होते, आणि ती खरखर पुढच्या प्रत्येक ड्रॉमध्ये डायला घासते. म्हणून डायचं आयुष्य भट्टीवाला ठरवतो असं म्हटलं तरी चालेल. भट्टीत ढीग जाड रचला तर मधले कप कच्चे आणि बाहेरचे भाजलेले. नमुना कायम वरून घेतला तर हे कधीच कळत नाही. ढिगाच्या मधून, कडेचा आणि तळाचा, असे तीन घ्यायला हवेत.

कपाच्या तोंडाला लाटा उठतात, त्यांना कान म्हणतात. ते दिसले तर लाटण आणि शेवटच्या अॅनिलिंगचं गणित चुकलंय, पत्र्याला दिशा पडलीय. कान जितके उंच तितकी ट्रिमिंगची वाया जाणारी पट्टी जाड.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बनवताना दिसत नाही आणि कोठारात मारतं: सीझन क्रॅकिंग. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत ठेवलेली असत आणि काही काळाने त्यांच्या पुंगळ्या आपोआप तडकत. पावसाळ्याच्या ऋतूत तडकतात म्हणून 'सीझन'. १९२१ मध्ये कारण शास्त्रशुद्ध मांडलं गेलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि थंड ओढकामाने पितळात कोंडून राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ कणांच्या सीमेवरून फाटतं.

यावर उपाय एकच, ताण काढणं. २५० ते ३०० अंशांवर साधारण तासभर. एवढ्या तापाला कडकपणा जवळपास तसाच राहतो आणि कोंडलेला ताण सैल होतो. पुंगळीचं तोंड मात्र वेगळं, जास्त तापवून मऊ करतात. अनेक सैन्यांच्या काडतुसांच्या मानेवर निळसर-जांभळी झाक दिसते ती त्याचीच. ती मुद्दाम पुसत नाहीत, तोंड अॅनील झाल्याची खूण तपासणाऱ्याला दिसावी म्हणून. बूड कडकच राहिलं पाहिजे. बूड मऊ पडलं तर टोपीची खोबण फाकते आणि पुंगळी चेंबरमध्ये अडकते. जवानाच्या हातात बंदूक त्या क्षणी बंद पडते. म्हणून हे लिहायला एवढा वेळ घेतोय.

चाचणी मर्क्युरस नायट्रेटची: लिटरमागे १० ग्रॅम मर्क्युरस नायट्रेट (पाऱ्याचा क्षार), १० मिलि नायट्रिक आम्ल, ३० मिनिटं बुडवायचं, पुसून भिंगाखाली चीर शोधायची. पाऱ्याचं द्रावण गटारात जाता कामा नये. आपल्याकडे तळोज्याला घातक कचऱ्याची सोय आहे, नोंद ठेवून तिकडेच पाठवावं. अमोनियाच्या वाफेची चाचणीही मानकात आहे, वेळ जास्त लागतो पण पारा नाही.

खर्चपत्रक (डोंबिवली)

यूएआर म्हणजे नेमकं काय ते आता मांडतो, नाहीतर चर्चा फक्त धातूची होईल.

निर्माणीत प्रत्येक वस्तूचं स्टँडर्ड इस्टिमेट असतं: किती माल, किती तास, आणि प्रत्येक टप्प्यावर किती टक्के नापास धरायचे. त्यावरून वॉरंट (कामाचा हुकूम) निघतं, मटेरियल वॉरंट आणि लेबर वॉरंट. म्हणजे १,००० चांगले नग हवे असतील तर सुरुवातच जास्त नगांनी करायची परवानगी कागदावर मिळते. परवानगीच्या आत नापास झाले तर कोणी विचारत नाही. त्याबाहेर गेले तर 'अॅब्नॉर्मल', चौकशी, लॉस स्टेटमेंट. कॅगच्या अहवालांत मर्यादेबाहेरच्या रिजेक्शनवर वारंवार ताशेरे असतात ते यावरच.

अडचण मर्यादेबाहेरच्या मालाची नाही, आतल्या मालाची आहे. समजा कपापासून तयार पुंगळीपर्यंत बारा टप्पे आहेत.

प्रत्येक टप्प्याला १ टक्का धरला तर शेवटी शंभरातले ८८.६ उरतात. १,००० पुंगळ्यांसाठी १,१२८ कप.
प्रत्येक टप्प्याला २ टक्के धरले तर ७८.५ उरतात. १,००० साठी १,२७४ कप.

दर टप्प्याला एकच टक्का वाढला आणि हजारामागे १४६ कप जास्त. दहा लाख पुंगळ्यांवर १ लाख ४६ हजार. ७.६२ मिमी काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीचं वजन सुमारे १२ ग्रॅम धरा, म्हणजे पावणेदोन टन पितळ पुन्हा वितळायला.

आणि हे टक्के कधीचे? इस्टिमेट बनलं तेव्हाच्या मशिनचे. नवी प्रेस आली, नवी भट्टी आली, टक्का तोच राहिला, तर सुधारणेचा फायदा कुठेच उतरत नाही. उलट शॉपला सवलत मिळते. पूर्वी इश्यू प्राइस ना नफा ना तोटा या तत्त्वावर ठरायची, त्यामुळे इस्टिमेटमधलं सगळं थेट सैन्याच्या बिलात जायचं. २०२१ ला जुन्या मागण्या 'डीम्ड कॉन्ट्रॅक्ट' झाल्या (करार मानल्या गेल्या), सुमारे ६५ हजार कोटींच्या. पुढचे दर स्पर्धेत द्यायचे असतील तर हे जुने टक्के घेऊन टिकता येणार नाही.

दोष किती उशिरा सापडतो त्याचं मोल बघा (आकडे फक्त हिशोब कळावा म्हणून घेतले आहेत). कपापर्यंत १० रुपये लागले, भंगाराचे ६ परत आले, नुकसान ४. तीच चीर तयार पुंगळीत सापडली तर लागलेले २२, परत ६, नुकसान १६. भरलेल्या काडतुसात सापडली तर भंगारसुद्धा सरळ मिळत नाही, आधी ते सुरक्षितपणे उतरवावं लागतं, त्याचा खर्च वेगळा. आणि कोठारात सापडली तर अख्खा लॉट अडकतो.

कळव्याचा_कामगार

आकडे पटले. पण सगळं शॉपवर ढकलू नका. २०२० मध्ये वर्तमानपत्रांत सैन्याच्या अंतर्गत अहवालाचा हवाला आला होता: २०१४ पासूनच्या सदोष दारूगोळ्यापायी ९६० कोटींचं नुकसान. त्यातले ३०३ कोटी एकट्या भूसुरुंगांचे होते. ३१ मे २०१६ च्या पुलगावच्या दारूगोळा कोठारातल्या आगीनंतर आयुष्य शिल्लक असतानाच ते निकाली काढावे लागले, आणि त्या सुरुंगांतून टीएनटी पाझरत असल्याची चर्चा झाली होती. आयुध निर्माणी मंडळाचं तेव्हाचं म्हणणं होतं की अपघातांमागे फक्त उत्पादन नसतं, साठवण असते, शस्त्राची देखभाल असते. हेही खरं आहे. स्वच्छ बनवलेली पुंगळी ओल्या, अमोनियाच्या कोठारात ठेवली तर तडकेल, हे वर भिंगातून यांनीच लिहिलंय.

दुसरी गोष्ट, पीस-वर्क. नगावर पैसे असले की हात पळतो. पण नापास नगाचे पैसे मिळत नाहीत, त्यामुळे ऑपरेटर मुद्दाम वाईट काढतो हा समज चुकीचा आहे. तो वाईट काढत नाही, तो थांबत नाही. डाय ओरखडायला लागली हे त्याला आवाजावरून कळतं, पण थांबलं तर सेटरची (डाय बसवणाऱ्याची) वाट बघण्यात तास जातो आणि तो तास त्याच्या कमाईतून जातो. डाय बदलायचा वेळ कामगाराच्या खात्यातून काढून टूलिंगच्या खात्यात टाका, मग बघा किती जण स्वतःहून हात वर करतात.

माझा प्रश्न असा: आधी कारखान्याचं स्वतःचं क्यूसी (दर्जा तपासणी), मग डीजीक्यूएचा (संरक्षण खात्याच्या दर्जा तपासणाऱ्या संस्थेचा) माणूस. एवढं असून सदोष माल पुढे जातोच कसा? शंभर टक्के तपासा की सरळ.

नमुना_३१५ (कोपरखैरणे)

पीस-वर्कचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

तपासणीचं सांगतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मापं, वजन, दिसणारी चीर, हे सगळ्या नगांचं बघता येतं. पण उडवून बघणं, तोडून बघणं, पाऱ्यात बुडवणं यात नग संपतो, तिथे नमुनाच घ्यावा लागतो. नमुन्याचे तक्ते आयएस २५०० या भारतीय मानकात आहेत. १०,००१ ते ३५,००० च्या लॉटला सर्वसाधारण तपासणीत ३१५ नग. किरकोळ दोषाला एक्यूएल (चालवून घ्यायच्या दोषांची टक्केवारी) १.० धरला तर ७ पर्यंत सदोष चालतात, ८ झाले की लॉट नापास. गंभीर दोषाला एकही नाही.

'एकही नाही' हे शब्द ऐकून माणूस निर्धास्त होतो, आणि इथेच घात आहे. समजा लॉटमध्ये हजारी एक पुंगळी तडकलेली आहे, ३५,००० त ३५. तुमच्या ३१५ मध्ये त्यातली एकही न येण्याची शक्यता ७३ टक्के. म्हणजे दर चारपैकी जवळपास तीन वेळा असा लॉट 'शून्य दोष' म्हणून पास होईल. कोणी लबाडी केली नाही, कोणी झोपलं नाही. हजारी पाच तडकलेल्या असत्या तर तो सुटून जाण्याची शक्यता २१ टक्क्यांवर येते. शेकडा एक असेल तर ४ टक्के. नमुना मोठं रोगट पीक पकडतो, एखाददुसरा किडका दाणा नाही.

म्हणून शेवटच्या तपासणीने दर्जा येत नाही. दर्जा भट्टीच्या नोंदीतून येतो: कुठल्या चार्जचं पितळ, कुठली ट्रे, किती तापमान, किती वेळ. ताण काढायच्या भट्टीचा तापमान-आलेख लॉटच्या कागदाला टाचलेला असेल तर त्याची किंमत ३१५ पाऱ्याच्या चाचण्यांपेक्षा जास्त. आलेखात पंधरा मिनिटांची वीज गेलेली दिसली तर तेवढी ट्रे बाजूला काढता येते. आलेख नसेल तर लॉटच संशयित.

डोळ्यांनी शंभर टक्के तपासणीबद्दल: पट्ट्यावरून पुंगळ्या सरकताना माणूस अर्ध्या-पाऊण तासाने बघतो पण त्याला दिसत नाही. आलटून पालटून बसवायला हवं आणि मधे मुद्दाम ओळखीचे सदोष नग सोडून किती पकडले ते मोजायला हवं. एडी करंट (धातूत वीज फिरवून चीर शोधणं) आणि कॅमेऱ्याची मशिनं चीर छान पकडतात, पण हद्द कडक लावली की चांगलेही नग फेकतात. त्या फेकलेल्या नगांना हाताने परत तपासायची जागा आणि माणूस आधी ठरवा, नाहीतर ते हळूच चांगल्यात मिसळतात.

गेजवाले_काका (ठाणे पूर्व)

मापाचं एक राहिलंय.

गो–नो गो गेज (नग हद्दीत आहे की नाही ते सांगणारी मापं) तीन पायऱ्यांची असतात: कामगाराची, तपासणीसाची आणि मास्टर. कामगाराच्या गेजची हद्द तपासणीसाच्या आत असायला हवी. तसं नसेल तर शॉपमध्ये पास झालेला नग तपासणीत नापास होतो आणि दोघंही आपापल्या परीने बरोबर असतात. गेज झिजते, आणि 'गो' बाजू आधी झिजते. किती हजार नगांनी परत मोजायची ते टूलरूमच्या रजिस्टरमध्ये तारखेने नाही, नगांच्या संख्येने लिहा.

तापमान. मापाचं मान्य तापमान २० अंश. मे महिन्यात शॉपमध्ये ३८ असतं. पितळ पोलादापेक्षा जास्त फुगतं. ५० मिमी लांबीवर पोलादी गेज आणि पितळी नग यांच्यात तेवढ्यानेच सुमारे ०.००८ मिमीचा फरक पडतो. हा दोघंही एकाच तापमानाला असतानाचा फरक. नग प्रेसमधून नुकताच आला असेल, हाताला चटका देणारा, तर गेज थंड आणि नग गरम, मग फरक कितीतरी जास्त. नग थंड होऊ द्यावा, हे भिंतीवर लिहिलेलं असतं, पण थंड व्हायला ठेवायचं टेबल नसतं.

रबाळे_टूलरूम

सगळ्यांचे आभार. जाळीचं कोणी सांगितलं नाही म्हणून स्वतः मांडून बघितलं. उदाहरणाला २५ मिमीची चकती, चकत्यांमध्ये १ मिमी, कडेला १.५ मिमी.

एक ओळ: पट्टी २८ मिमी रुंद, वापर ६७ टक्के.
तीन ओळी, एकाआड एक सरकवून: पट्टी ७३ मिमी, वापर ७७.६ टक्के.
सात ओळी: पट्टी १६३ मिमी, वापर ८१ टक्के.

गोल चकत्या कितीही खेटून ठेवल्या तरी ९०.७ च्या वर जात नाही, तो भूमितीचाच नियम. म्हणजे एकवरून तीनवर जाण्यात खरी कमाई, तीनवरून सातवर जाण्यात थोडी. पण सात ओळींच्या टूलमध्ये सात पंच. त्यातला एक जरी मध्यातून सरकला तर दर सातवा कप एका बाजूला जाड. ३ मिमीच्या भिंतीत ०.१ चा फरक असला तर तो प्रमाणात तसाच पुढे उतरतो, ०.३ मिमीच्या तोंडाशी ०.०१. दर सातवा नग तसा, आणि ट्रेमध्ये मिसळला की शोधायचा कसा?

ओतशाळा (अंबरनाथ)

गणित बरोबर. जाळी भट्टीत परत जाते हेही बरोबर, पण ती 'फुकट' परत जात नाही. तांबं परत मिळतं. वितळवायची वीज, उडालेलं जस्त, लाटण, अॅनिलिंग, पिकलिंग, हे सगळं दुसऱ्यांदा लागतं. ६७ आणि ८१ मधला फरक म्हणजे तेवढ्याच कपांसाठी भट्टीतून सुमारे एक पंचमांश जास्त पितळ फिरवणं. भट्टी हाच अडथळा असेल तर उत्पादनच तेवढं कमी.

सातव्या कपाचा उपाय: प्रत्येक पंचाच्या तोंडावर, कपाच्या तळाला येईल असा बारीक क्रमांक किंवा टिंब. पुढे बूड ठोकताना तो पुसला जातो. प्रेसवर प्रत्येक ओळीचा वेगळा घसरगुंडा करून वेगळ्या टबात सोडलं तर आणखी सोपं. तपासणीस टबागणिक पाच कप कापून चार ठिकाणी भिंत मोजतो आणि सरळ पंच क्रमांक सांगतो. डाय-पंचाच्या वादाला पुरावा मिळतो, तुम्हालाही आणि समोरच्यालाही.

खर्चपत्रक (डोंबिवली)

हेच इस्टिमेटमध्ये उतरवा. यूएआर एकगठ्ठा न देता टप्प्यागणिक आणि कारणागणिक लिहा: भिंत जाड-बारीक इतके, ओरखडा इतके, कान इतके, डाग इतके. दर सहा महिन्यांनी प्रत्यक्षाशी ताडून बघा. जे कारण शून्यावर आलं त्याचा टक्का काढून टाका. शॉप विरोध करेल, कारण सवलत जाते. म्हणून काढलेल्या टक्क्यातली बचत पहिल्या वर्षी त्याच शॉपच्या टूलिंग आणि गेजवर खर्च करायची लेखी तरतूद हवी. कळव्याच्या कामगारांनी डाय बदलायच्या वेळेचं जे म्हटलं, त्याला पैसे इथूनच येतात.

ड्रॉइंगमधून किंचित सूट हवी असेल तर ती शॉपने स्वतः घेऊ नये. ज्या नियंत्रणालयाकडे त्या वस्तूचं मूळ ड्रॉइंग आहे, त्यांच्याकडून लेखी डेव्हिएशन घ्यावं, आणि किती नगांपुरतं ते त्यात लिहिलेलं असावं. मुदत न लिहिलेलं डेव्हिएशन काही वर्षांनी ड्रॉइंगच बनून बसतं.

कळव्याचा_कामगार

वाहतुकीचं कोणी बोललं नाही. पावसाळ्यात कप ट्रकने कसारा घाट चढून जातात तेव्हा?

भिंगातून (ठाणे पश्चिम)

पिकलिंगनंतर कप पूर्ण वाळवूनच भरायचे, कोमट असताना ड्रम बंद केला तर आत घाम सुटतो. कागद लावायचा तर आम्लरहित. ड्रम ठेवायची जागा मुतारी, खताची पोती, कबुतरांची बसायची जागा आणि अमोनियावर चालणारं शीतगृह यांच्यापासून लांब. तुर्भ्याकडे गोदाम भाड्याने घेणाऱ्यांनी शेजारी काय आहे ते आधी बघावं. कपात ताण पुंगळीइतका नसतो, पण डाग पडला की तो पुढच्या ड्रॉमध्ये खोल जातो.

रबाळे_टूलरूम

शेवटचा प्रश्न. आमच्याकडे दोन्ही कामं चालतात, फ्री-कटिंग सळीचं टर्निंगही आणि ७०:३० च्या पट्टीच्या टूलची ट्रायलही. भंगार वेगळं ठेवायला नेमकं काय करावं?

ओतशाळा (अंबरनाथ)

दोन रंगांचे डबे पुरत नाहीत, रात्रपाळीत रंग दिसत नाही. डब्याचा आकारच वेगळा ठेवा: चुऱ्याला जाळीचा, निथळणारा, पट्टीच्या जाळीला उघडा चौकोनी. चुरा आणि पट्टी एका खोलीत नको. झाडलोटीचा कचरा पितळेत कधीच नाही, त्यात लोखंडाचा चुरा हमखास असतो. ट्रायलच्या पट्टीची जाळी बांधून, चार्ज नंबरची पत्र्याची पाटी लावून परत पाठवायची, वजन करून. पाटी नसलेलं पितळ भट्टीवाल्याने घ्यायचं नाही, मग ते कितीही चकचकीत असो. त्याला हातातल्या स्पेक्ट्रोमीटरने तपासून, पिग ओतून, नंबर देऊनच आत घ्यायचं.